पेशी मोजण्याआधी रंजक कोणते ते विचारा

२०२० सालच्या साथीपासून 'इम्युनिटी' हा शब्द आमच्या दवाखान्यांत रुग्णाच्या आधी येऊन बसू लागला आहे. त्याचा परिणाम फार्मसींच्या माहितीपत्रकांवरही झाला. पूर्वी या पत्रकात पाठ कोणत्या ग्रंथातील, मात्रा किती, अनुपान कोणते एवढी माहिती असे व ती पुरेशी वाटे. आता दुसऱ्या पानावर चार चौकटींत विभागलेला, लाल-निळ्या ठिपक्यांनी भरलेला एक आलेख असतो आणि त्याखाली एक ओळ असते : अमुक कल्पाच्या सेवनाने किंवा संस्काराने तमुक प्रतिकारक पेशींची संख्या लक्षणीय वाढली. वैद्य ती ओळ वाचतो, रुग्णाला सांगतो, आणि रुग्ण ती शेजाऱ्याला सांगतो. ठिपके मात्र कोणीच वाचत नाही.

या आलेखांविषयी आमच्या मनात आकस नाही. रसायनांचा व्याधिक्षमत्वावर होणारा परिणाम आधुनिक साधनांनी तपासला जावा अशी आमची पूर्वीपासूनची इच्छा आहे. परंतु ज्या यंत्राने हे ठिपके काढले जातात त्या फ्लो सायटोमीटरवर, विशेषतः विरळ पेशी शोधताना, निष्कर्ष औषधावर जितका अवलंबून असतो तितकाच पेशींना लावलेल्या रंजकांच्या निवडीवर अवलंबून असतो. ही निवड चुकली तर नसलेली वाढ दिसते आणि असलेली वाढ दिसत नाही. आमच्या वनस्पतिज औषधांच्या बाबतीत तर ही चूक होण्याचा संभव इतरांपेक्षा अधिक आहे. तो का, हे औषधनिर्मात्यांनी पैसे मोजण्यापूर्वी आणि वैद्यांनी दावा पुढे नेण्यापूर्वी समजून घ्यावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

यंत्राचे तत्त्व अवघड नाही. रक्तातील पेशी एका बारीक धारेतून एकामागून एक लेसरच्या किरणासमोरून जातात. ज्या पेशी शोधावयाच्या त्यांच्या पृष्ठभागावरील विशिष्ट खुणांना चिकटणारी प्रतिपिंडे आधीच मिसळलेली असतात, आणि प्रत्येक प्रतिपिंडाला एक फ्लुओरेसंट रंजक जोडलेले असते. रंजक लेसरचा प्रकाश शोषून घेते व त्याहून लांब तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकते. यंत्र तो मोजते. आमच्या औषधनिर्मात्यांना हे नवीन वाटू नये. प्रमाणीकरणासाठी काचपट्टीवर सत्त्वाचा ठिपका चढवून ती ३६६ नॅनोमीटरच्या दिव्याखाली धरली असता दारुहळदीतील बर्बेरिन पिवळे चमकते, ते याच गुणाने. दिव्याखालच्या पेटीत आपण जे डोळ्यांनी पाहतो, तेच हे यंत्र सेकंदाला हजारो पेशींवर करते.

एच.आय.व्ही.च्या रुग्णांचा सीडी४ चा अहवाल बहुतेकांनी पाहिलेला असतो. ती मोजणीही याच पद्धतीने होते व ती सोपी आहे, कारण निरोगी माणसाच्या रक्तात सीडी४ पेशी विपुल असतात व त्यांच्यावरील ही खूण दाट असते. कोणतेही बऱ्यापैकी रंजक लावा, पेशींचा पुंजका स्वच्छ वेगळा पडतो. अडचण सुरू होते ती विरळ पेशींपासून. प्लाझ्मासायटॉइड डेन्ड्रिटिक पेशी रक्तातील एककेंद्री पेशींत सामान्यतः एका टक्क्याहूनही कमी असतात. एखाद्या विवक्षित प्रतिजनाला ओळखणाऱ्या, त्याच्याशी पूर्वी कधीही गाठ न पडलेल्या टी पेशी तर दहा लाखांत एखादी ते शंभरेक इतक्याच. या शेवटच्या पेशी थेट मोजणे शक्य झाले तेच १९९६ साली, जेव्हा जॉन ऑल्टमन, मार्क डेव्हिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी चार प्रतिजनधारक रेणू एकत्र बांधून त्यांना रंजक जोडण्याची युक्ती काढली.

येथे साध्या गणिताकडे दुर्लक्ष करून चालत नाही. शंभर पेशी मोजल्या तर केवळ योगायोगाने होणारी चूक दहा टक्क्यांच्या आसपास असते. ती पाच टक्क्यांवर आणावयाची तर चारशे पेशी मोजाव्या लागतात. पेशी लाखात एक असेल तर तिच्यासारख्या शंभर मिळविण्यासाठी एक कोट पेशी यंत्रातून न्याव्या लागतील, म्हणजे साधारण १० मिलिलिटर रक्तातील एककेंद्री पेशी, त्याही वाटेत एकही वाया न जाता. ज्या अहवालात विरळ पेशींची संख्या टक्क्यांत दिली आहे परंतु प्रत्यक्षात किती ठिपके मोजले ते दिलेले नाही, तो अहवाल आम्ही तरी बाजूला ठेवतो.

आता रंजकांकडे वळू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, तिस्रैषणीय अध्यायात, प्रत्यक्षाने दिसत नाही ते नाहीच असे म्हणणाऱ्यास उत्तर देताना, असलेली वस्तूही का दिसत नाही याची आठ कारणे सांगितली आहेत. विद्यार्थिदशेत ती आपण सर्वांनी पाठ केली. त्यांतील समानाभिहार, अभिभव आणि करणदौर्बल्य ही तीन कारणे या यंत्रासमोर बसलेल्या तंत्रज्ञाला दररोज भेटतात, मग त्याने चरकाचे नाव ऐकलेले असो वा नसो. उडदाच्या राशीत पडलेला उडदाचा एक दाणा म्हणजे लाखो पेशींतील ती एक पेशी, हा समानाभिहार. दिवसा तारे दिसत नाहीत तसा मंद रंजकाचा प्रकाश शेजारच्या तेजस्वी रंजकाच्या प्रकाशात लोपतो, हा अभिभव. आणि ग्रहण करणारे साधनच त्या रंगाला दुबळे असेल तर ते करणदौर्बल्य.

यावरचा पहिला नियम सर्वांना ठाऊक असतो, पण पाळला जातोच असे नाही : जी खूण पेशीवर सर्वांत तुरळक आणि जिच्यावर निर्णय अवलंबून, तिला सर्वांत तेजस्वी रंजक द्यावे, जी खूण दाट, तिला मंद रंजक चालते. नियामक टी पेशींचे उदाहरण घेऊ, कारण माहितीपत्रकांत सध्या त्यांचीच चलती आहे. २०२५ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना या पेशींच्या व त्यांच्या फॉक्सपी३ या जनुकाच्या शोधाबद्दल मिळाले, त्यामुळे ही चलती वाढेल असे दिसते. या पेशी सीडी४ पेशींपैकी साधारण पाच ते दहा टक्के असतात. त्यांच्यावर सीडी२५ ही खूण अधिक व सीडी१२७ ही खूण कमी असते, आणि आत केंद्रकात फॉक्सपी३ हे प्रथिन असते. पंचाईत अशी की, सीडी२५ ही खूण 'आहे' वा 'नाही' अशी नसते. ती काही पेशींवर मुळीच नसते, पुष्कळांवर थोडी असते, थोड्यांवर पुष्कळ असते, आणि यांच्यामध्ये स्पष्ट सीमा कोठेच नसते. नुकत्याच उद्दीपित झालेल्या साध्या टी पेशींवरही ती चढते. मानवी पेशींत फॉक्सपी३ सुद्धा काही काळ चढते.

अशा वेळी सीडी२५ च्या प्रतिपिंडाला एफआयटीसी हे रंजक जोडले तर काय होईल? ते ५२० नॅनोमीटरच्या आसपास हिरवा प्रकाश देते, आणि नेमक्या त्याच पट्ट्यात पेशीच्या स्वतःच्या फ्लॅविन द्रव्यांची नैसर्गिक चमकही असते. खूण तुरळक, रंजक मध्यम, पार्श्वभूमी उजळ. परिणामी थोडी व पुष्कळ यांतील फरक पुसट होतो आणि सीमारेषा तंत्रज्ञाने जेथे ओढली तेथे. तीच खूण फायकोएरिथ्रिन, म्हणजे पीई, या रंजकाने दाखविली तर चित्र पालटते. हे तांबड्या शैवालातील प्रथिन. १९८२ साली व्हर्नन ऑय, अलेक्झांडर ग्लेझर आणि लुबर्ट स्ट्रायर यांनी अशी शैवालप्रथिने रंजक म्हणून पुढे आणली. ४८८ नॅनोमीटरच्या त्याच निळ्या लेसरवर ते ५७५ च्या आसपास नारिंगी पिवळा प्रकाश देते, एफआयटीसीहून अनेक पटींनी तेजस्वी, आणि त्या पट्ट्यात पेशीची स्वतःची चमकही तुलनेने कमी. जांभळ्या लेसरवर चालणारे ब्रिलियंट व्हायोलेट ४२१ हे बहुवारिक रंजकही असेच तेजस्वी आहे. सीडी४ दाट असल्याने तिला एफआयटीसी दिले तरी बिघडत नाही. हाच क्रम उलटा लावला, म्हणजे पीई सीडी४ वर आणि एफआयटीसी सीडी२५ वर, की यंत्र तेच, रक्त तेच, औषध तेच, आणि निष्कर्ष मात्र सांगता येत नाही.

सीमारेषा डावीकडे थोडी सरकली तर उद्दीपित पेशीही नियामक म्हणून मोजल्या जातात. या दोहोंचे कार्य परस्परविरुद्ध आहे; एक दाह आवरते, दुसरी चेतविते. आमवाताच्या रुग्णाला औषध देणाऱ्या वैद्याला हा फरक किरकोळ म्हणता येणार नाही. (काही पत्रकांत नियामक पेशी वाढल्याचे सांगून त्यापुढेच 'प्रतिकारशक्ती वाढते' असे छापलेले आम्ही पाहिले आहे. ज्या पेशींचे काम प्रतिकाराला लगाम घालणे हे, त्या वाढल्याचा हा अर्थ कसा, ते लिहिणाऱ्यालाच विचारावे लागेल.)

दुसरी गोष्ट अभिभवाची. कोणतेही रंजक आपल्या पट्ट्यातच राहत नाही. त्याचा काही प्रकाश शेजारच्या डिटेक्टरात सांडतो. हा सांडलेला भाग यंत्राची संगणकप्रणाली हिशेबाने वजा करते. परंतु वजा होते ती सरासरी. तेजस्वी प्रकाशाच्या मोजमापातील चढउतार वजा होत नाहीत, ते पसरट डाग म्हणून शेजारच्या पट्ट्यात शिल्लक राहतात आणि मंद ठिपके त्या डागात बुडतात. म्हणून विरळ पेशीची निर्णायक खूण ज्या पट्ट्यात आहे, त्या पट्ट्यात सांडणारे तेजस्वी रंजक त्याच पेशीवरील दुसऱ्या दाट खुणेला देऊ नये. यासाठी एक नियंत्रक नळी ठेवावी लागते, जिच्यात सर्व प्रतिपिंडे असतात, केवळ निर्णायक खुणेचे तेवढे नसते. सीमारेषा त्या नळीवरून ठरते. ज्यांत रंजक मुळीच घातलेले नाही अशा पेशींवरून ती ठरविणे म्हणजे रात्री आकाश पाहून दुपारच्या ताऱ्यांविषयी बोलणे होय.

जोडरंजकांविषयी थोडक्यात. पीई-सीवाय७ यासारख्या रंजकांत दोन रंजके एकमेकांस बांधलेली असतात. पहिले प्रकाश घेते व दुसऱ्यास देते. प्रकाशात वा उष्णतेत राहिली की ही जोडी फुटते आणि मग पहिले रंजक आपलाच प्रकाश टाकू लागते, म्हणजे पीईच्या पट्ट्यात नसलेल्या पेशी दिसू लागतात. तपकिरी बाटली का वापरावयाची हे औषधनिर्मात्यांस आम्ही सांगावयास नको. मृत पेशी तर कोणत्याही प्रतिपिंडास चिकटतात, म्हणून त्यांना दाखविणारे वेगळे रंजक घालून त्या प्रथम वगळल्या पाहिजेत. विरळ पेशींच्या मोजणीत खोटे ठिपके बव्हंशी तेथूनच येतात.

आता या लेखाच्या मुख्य प्रयोजनाकडे येतो. आतापर्यंत जे लिहिले ते कोणत्याही औषधास लागू आहे. आमच्या औषधांची गोष्ट निराळी, कारण ती स्वतःच चमकतात.

गेल्या वर्षी आमचे एक सभासद, जे स्वतः एक छोटी फार्मसी चालवितात, एक जाडजूड अहवाल घेऊन आमच्याकडे आले. हळद प्रधान असलेल्या त्यांच्या एका कल्पाचे अल्कोहोलमध्ये काढलेले सत्त्व रक्तपेशींबरोबर नळीत ठेवून ही मोजणी एका खासगी प्रयोगशाळेकडून त्यांनी करून घेतली होती. खर्च त्यांच्या एका मोसमाच्या आवळा खरेदीइतका आला होता. आलेखात सत्त्वाची मात्रा वाढेल तशी अपेक्षित विरळ पेशींची संख्या चढत गेलेली होती. रेषा इतकी सुबक होती की त्यांचा आनंद पाहून आम्हांलाही क्षणभर बरे वाटले. मग आम्ही अहवालाच्या अखेरचे तक्ते उघडले. निर्णायक खूण हिरव्या पट्ट्यात होती. सत्त्व घातलेल्या परंतु प्रतिपिंड न घातलेल्या पेशींची नळी ठेवली होती का, असे आम्ही विचारले. त्यांनी तेथूनच प्रयोगशाळेस दूरध्वनी लावला. अशी नळी ठेवलेली नव्हती.

करक्युमिन साधारण ४२० ते ४३० नॅनोमीटरचा प्रकाश सर्वाधिक शोषते, ४८८ च्या लेसरनेही काही अंशी उद्दीपित होते, आणि ५०० ते ५५० च्या हिरव्या पट्ट्यात चमकते. ते मेदप्रिय असल्याने पेशींच्या आवरणात शिरून बसते. पेशींनी करक्युमिन किती घेतले हे मोजण्यासाठी संशोधक याच यंत्राचा हाच हिरवा पट्टा वापरतात! तेव्हा मात्रेबरोबर चढणारी ती सुबक रेषा पेशींची होती की हळदीची, हे त्या अहवालावरून ठरविता येत नाही. करक्युमिन अशा प्रकारे निरनिराळ्या चाचण्यांत ढवळाढवळ करते, हा मुद्दा २०१७ साली जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्रीमधील एका बहुचर्चित समीक्षालेखात सविस्तर मांडला गेला. त्यातील सूर आमच्यातील अनेकांस रुचला नाही, आम्हांसही तो काही ठिकाणी टोकाचा वाटला. परंतु चमकेविषयीचा भाग नाकारता येण्याजोगा नाही.

दारुहळदीतील बर्बेरिनचीही तीच कथा. जांभळ्या प्रकाशाने ते उद्दीपित होते आणि पेशीच्या केंद्रकातील डी.एन.ए.स चिकटले की त्याची हिरवट पिवळी चमक आणखी वाढते. अशा औषधांसाठी ६४० च्या तांबड्या लेसरवरील एपीसीसारखे रंजक सुरक्षित, कारण त्या प्रकाशाने करक्युमिन व बर्बेरिन जागी होत नाहीत. पण हाच उपाय तुळशीच्या पानांच्या अल्कोहोलमधील हिरव्यागार सत्त्वास लावाल तर फसाल. त्यातील हरितद्रव्य तांबडा प्रकाश शोषते व तांबड्याच टोकास, ६७० च्या पुढेमागे, चमकते. म्हणजे नेमके एपीसीच्या दारात. तेथे पीई बरे. त्याच पानांच्या पाण्यातील क्वाथात हरितद्रव्य फारसे उतरत नाही, त्यामुळे अडचणही कमी. एकच द्रव्य, कल्पना बदलली की रंजक बदलावे लागते. हे प्रयोगशाळेतील तरुण तंत्रज्ञास ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याच्यापुढे येते ती क्रमांक घातलेली एक कुपी. क्वाथ की सत्त्व, पान की मूळ, द्रावक कोणता, हे सांगणे औषध देणाऱ्याचे काम आहे, आणि येथे वैद्याचे द्रव्यज्ञान यंत्रापेक्षा मोलाचे ठरते.

एक खुलासा करणे न्याय्य होईल. ही बाधा मुख्यतः औषध थेट पेशींवर घालून केलेल्या नळीतील प्रयोगांत येते. रुग्णाने मुखावाटे हळद घेतली व नंतर त्याचे रक्त तपासले, तर रक्तात उतरणारे करक्युमिन इतके अल्प असते की धुतलेल्या पेशींवर त्याची चमक उरण्याची भीती फारशी नाही. पण बहुतेक फार्मसींना परवडतात ते नळीतले प्रयोगच, आणि माहितीपत्रकात छापले जातात तेही तेच.

यावर आमच्या सभासदांनी आणि इतरही काहींनी एक आक्षेप घेतला, तो असा की लहान फार्मसीला हे सर्व कसे परवडावे. आक्षेप रास्त आहे. संपूर्ण वर्णपट टिपणारी नवी यंत्रे औषधाची चमक हाही एक वेगळा रंग समजून हिशेबात धरू शकतात, परंतु ती सर्वत्र नाहीत व स्वस्तही नाहीत. तथापि आम्ही जे मागतो आहोत त्यासाठी ती लागत नाहीत. औषध घातलेल्या, प्रतिपिंड न घातलेल्या पेशींची एक नळी आधी सर्व पट्ट्यांत चालवून पाहावी. औषध कोठे चमकते ते कळले की ते पट्टे सोडून उरलेल्यांत निर्णायक खूण बसवावी. या एका नळीचा खर्च प्रतिपिंडांच्या खर्चापुढे नगण्य आहे. आमच्या त्या स्नेह्यांचा सगळा खर्च तिच्याअभावी संशयात पडला.

शिवाय विरळ पेशींच्याच मागे का लागावे, हाही प्रश्न आहे. १९९० च्या दशकात मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अवरोधजन्य काविळीच्या रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी गुडूची देऊन तिचा परिणाम तपासला. त्यांनी पाहिली ती न्यूट्रोफिल पेशींची जंतू गिळण्याची व मारण्याची क्षमता. न्यूट्रोफिल म्हणजे रक्तातील पांढऱ्या पेशींचा सर्वांत मोठा वर्ग. त्यांना शोधण्यासाठी रंजकांची कसरत नको. प्रश्न रुग्णाच्या गरजेतून आला होता, पेशी प्रश्नाला साजेशी होती. १९९३ साली प्रसिद्ध झालेले ते काम आजही आदराने उद्धृत केले जाते. आज मात्र पेशी आधी निवडली जाते, कारण तिचे नाव नवे असते, आणि प्रश्न मागाहून बेतला जातो.

आमच्या त्या सभासदांनी तूर्त माहितीपत्रकाची छपाई थांबविली आहे. प्रतिनिधींना आधी वाटलेल्या प्रतीही त्यांनी परत मागविल्या, ज्याचे आम्हांस विशेष वाटले. मूळ आराखड्यात तांबड्या लेसरवरील रंजक घेऊन, सत्त्वाची एकटी नळी ठेवून, त्यांनी तोच प्रयोग पुन्हा करावयास दिला आहे. येणारा अहवाल अनुकूल असो वा प्रतिकूल, तो रंजकांच्या तक्त्यासह याच त्रैमासिकात छापण्यास त्यांनी आम्हांस लेखी संमती दिली आहे.